निळ्या टोपणाचा बल्ब आणि संध्याकाळची गोळी

पत्र असं आहे:

"नमस्कार डॉक्टर. आम्ही जत तालुक्यात वस्तीवर राहतो. आमच्या आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, नऊ वर्षांपूर्वी मिरजेत हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह बदलला. मेटलचा बसवलाय. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी चालू. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ती तपासणी, करायला मिरजेला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, आणि घरी परत येईतो दिवस मावळतो. सोबत कुणीतरी लागतं, त्याचं काम बुडतं ते वेगळंच. आता सांगलीच्या एका लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेतो. दोनशे रुपये जादा घेतो, रिपोर्ट मोबाईलवर येतो. दोनदा ठीक झालं. गेल्या महिन्यात आत्तींना चार दिवस जुलाब होते, गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्या दिवशी मुलाला शीर सापडेना, तीनदा टोचलं, थोडंसंच रक्त निघालं. रात्री रिपोर्ट आला ५.८. रविवार होता, हॉस्पिटलला फोन लागला नाही. नात्यातल्या एकांनी सांगितलं, गोळी बंद करा. पाच दिवस बंद ठेवली. परत तपासलं तर १.४! आता चालू केलीय, पण किती द्यायची तेच कळत नाही. माझा चुलत दीर अमेरिकेत असतो. तो म्हणतो, इकडे लोक घरीच बोट टोचून तपासतात, मी मशीन पाठवतो. नणंदेचे मालक म्हणतात, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्याच घ्या. आत्तींनी भीतीने पालेभाजी सोडलीय, आणि 'हे तर उंदराचं औषध' असं कुणी तरी म्हटल्यापासून गोळी घेतानाही कुरकुर करतात. आम्ही घरी तपासावं की नाही?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि सदर बाजूला ठेवून आधी तुम्हाला फोन लावला. मायट्रलच्या जागी मेटलचा व्हॉल्व्ह आणि आयएनआर १.४, ही जोडी छापील उत्तराची वाट बघत बसण्यातली नाही. तुम्ही दुसऱ्याच दिवशी मिरज गाठलीत, डॉक्टरांनी काही दिवस पोटावर टोचायची इंजेक्शनं देऊन गोळी परत बसवली, आणि आता आकडा २.७ आहे असं परवा कळवलंत. म्हणून आता निवांत बोलू. जत, आटपाडी, खानापूर भागात तुमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मी तीसेक वर्षं सांगलीत लॅब चालवली. डॉक्टर आहे, पण हृदयाचा नव्हे, रक्त काढून मशीनला लावणारा. त्यामुळे गोळी किती द्यायची हे मी सांगणार नाही, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचं काम. पण ज्या आकड्यावरून ती गोळी ठरते तो आकडा कसा घडतो आणि कसा बिघडतो, यात माझी हयात गेली.

औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. मायट्रल जागेवरच्या मेटल व्हॉल्व्हला तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, कारण त्या जागी रक्त सावकाश वाहतं आणि गुठळी धरायला वाव मिळतो. महाधमनीकडच्या, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्हला, किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेल्याला बहुधा २ ते ३ पुरतो. हे एवढ्यासाठी सांगतो की एसटीत शेजारी बसलेल्या बाईचा २.१ आला आणि तिला डॉक्टर "छान" म्हणाले, म्हणून आत्तींचा २.१ छान होत नाही. आत्तींची हद्द कुठून कुठपर्यंत, ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बोलण्यात सांगितलेली घरी येईपर्यंत बदलते.

आता त्या ५.८ कडे वळू. तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेलात आणि माझी बोटं तिथेच थांबली. चार दिवस जुलाब आणि त्यावरच्या गोळ्या, ही एक. शीर सापडेना आणि थोडंसंच रक्त निघालं, ही दुसरी.

पहिलीबद्दल मी फोनवर तुम्हाला पाकीट आणायला लावलं. तुम्ही अक्षरं जुळवत वाचलंत: मेट्रोनिडाझोल. जुलाबावर सर्रास दिली जाणारी गोळी आहे ती, आणि गावच्या डॉक्टरांनी दिली यात वावगं काही नाही. पण वॉरफरिन यकृतात मोडून निकामी होतं, त्या मोडण्याच्या कामात ही गोळी खीळ घालते. म्हणजे गोळी तेवढीच, परिणाम जास्त. त्यात चार दिवस पोटात धड अन्न नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के नाही. आकडा चढणारच. तेव्हा ५.८ मधला काही भाग नक्कीच खरा होता. गावच्या डॉक्टरांना आत्तींच्या गोळीची आठवण कुणी करून दिली होती का? मला वाटतं नाही. आपण बायका-माणसं दवाखान्यात "जुलाब होतायत" एवढंच सांगतो, बाकीचं डॉक्टरांना माहीतच असेल असं धरून चालतो.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. आयएनआरसाठी रक्त निळ्या टोपणाच्या बल्बमध्ये घेतात. त्या बल्बच्या तळाशी थोडंसं पाण्यासारखं औषध आधीच असतं, सोडियम सायट्रेट. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून नमुना गोठत नाही. लॅबमध्ये आम्ही पुन्हा कॅल्शियम घालतो आणि किती सेकंदांत गोठतं ते मोजतो. सगळा हिशेब नवास एक असा बांधलेला असतो: २ मिलीच्या बल्बात १.८ रक्त आणि ०.२ सायट्रेट. रक्त त्या रेघेपर्यंत भरलं नाही, तर सायट्रेट प्रमाणाबाहेर जास्त होतं, आम्ही घातलेलं कॅल्शियमही तेच गिळतं, आणि रक्त उगाचच उशिरा गोठतं. आकडा फुगतो. माणसाचं रक्त आहे तेवढंच, बल्ब अर्धा म्हणून ते "पातळ" दिसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच लॅबमध्ये, पहिल्या दोन-चार वर्षांत, एका आजींचा नमुना आला. शीर बारीक, हात थंड, बल्ब निम्माच भरलेला. लॅबमधल्या मुलाने तो परत पाठवायला हवा होता. आजींना पुन्हा टोचायला नको म्हणून त्याने दयेने लावला, आणि मीही सही केली. आकडा चारच्या वर. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली. आठवड्याने नीट भरलेल्या बल्बवर १.६. नशिबाने काही झालं नाही. पण त्या दिवसापासून अर्धा बल्ब माझ्या टेबलावर चढला नाही. आजींना दुसऱ्यांदा टोचल्याचं वाईट वाटून घ्यायचं, पण टोचायचं.

तर आत्तींचा खरा आकडा ५.८ होता, ४.२ होता की आणखी काही, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट भरलेल्या बल्बवर पुन्हा तपासलं असतं तर कळलं असतं. कुठूनही रक्त येत नसेल आणि आकडा साडेचार ते दहाच्या मध्ये असेल, तर डॉक्टर सहसा एखाद-दोन डोस थांबवतात आणि एक-दोन दिवसांत पुन्हा बघतात. पाच दिवस? ऑपरेशनच्या आधी रक्त पुन्हा पूर्ववत गोठावं म्हणून वॉरफरिन पाच दिवस बंद ठेवतात. तुमच्या नातेवाइकांनी आत्तींना ऑपरेशनच्या टेबलासाठी तयार केलं, फक्त ऑपरेशन नव्हतं आणि देखरेखही नव्हती. त्यांच्यावर राग धरू नका. घाबरलेल्या घरात जो पहिला ठाम आवाज येतो तोच डॉक्टर ठरतो, आपल्याकडे हे असंच चालतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. घरी रक्त काढून न्यायची सेवा घ्यावी का? घ्या, जरूर घ्या. एका चमचाभर रक्तासाठी सत्तावन्न वर्षांच्या बाईने दर महिन्याला दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, हे मला कधीच पटलं नाही. आणि महिन्याला जमत नाही म्हणून दोन-दोन महिने न तपासणारे मी जास्त पाहिलेत. पण त्या मुलाकडे थोडं बघायला शिका.

तो आला की आत्तींना खुर्चीवर बसवा, हात गरम पाण्याने शेकून ठेवा, सकाळी चहा-पाणी होऊ द्या. उपाशीपोटी असण्याची गरज या तपासणीला नाही, आणि पाणी प्यायलेल्या माणसाची शीर लवकर सापडते. इतर तपासण्याही असतील तर निळा बल्ब जांभळ्याच्या आधी भरायला सांगा, जांभळ्यातलं औषध निळ्यात थेंबभर गेलं तरी घोटाळा होतो. दंडाला पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवू नये. रक्त रेघेपर्यंत आलं का ते तुम्ही स्वतः बघा, लाजू नका. मग बल्ब तीन-चार वेळा हळूच उलटासुलटा करायचा. सरबताच्या बाटलीसारखा घुसळायचा नाही.

त्याच्या पिशवीतल्या थर्माकोलच्या डब्यात निळा बल्ब बर्फावर आडवा ठेवलेला दिसला तर त्याला थांबवा. पोरांना वाटतं, रक्त म्हणजे दूध, गार ठेवलं की टिकतं. आयएनआरचा नमुना गार ठेवायचा नसतो. थंडीने गोठवणारे घटक आधीच जागे होतात आणि आकडा चुकतो. खोलीच्या तापमानाला तो चोवीस तास चांगला राहतो. पण खोलीचं तापमान म्हणजे एप्रिलमध्ये जत ते सांगली मोटारसायकलच्या डिकीतलं तापमान नव्हे. म्हणून त्याला विचारा, आमच्याकडे किती वाजता येतोस आणि नमुना लॅबला किती वाजता पोचतो. सकाळी सातला काढून दुपारपर्यंत पोचला तर उत्तम. आमच्याकडून निघून पुढे आणखी वीस घरं फिरून संध्याकाळी पोचणार असेल, तर शेवटी आमच्याकडे ये म्हणा.

लॅब एकच ठेवा. आज ही स्वस्त, उद्या ती जवळ, असं या तपासणीत करू नका. याचं कारण रिपोर्टवरच असतं, कोणी वाचत नाही. आत्तींचं रक्त २४ सेकंदांत गोठलं आणि निरोगी माणसांचं सरासरी १२ मध्ये, तर गुणोत्तर झालं दोन. पण गोठवायला वापरलेलं रसायन कंपनीगणिक कमी-जास्त तिखट असतं. त्या तिखटपणाला आयएसआय नावाचा आकडा देतात, आणि गुणोत्तराचा तेवढा घात घेतात. आयएसआय १ असेल तर आयएनआर २ राहतो. १.३ असेल तर तेच गुणोत्तर साधारण २.४६ होतं. पण त्या लॅबमध्ये त्याच रक्ताचं गुणोत्तर मुळातच कमी येतं, म्हणून शेवटचा आकडा दोन्हीकडे जुळायला हवा. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत लावून दिली ती याचसाठी, जतचा आकडा आणि जर्मनीचा आकडा एका भाषेत बोलावा म्हणून. व्यवहारात दोन लॅबमध्ये थोडा फरक राहतोच. रिपोर्टवर आयएनआर आहे, पण नॉर्मलचे सेकंद नाहीत, आयएसआय नाही, तर त्या लॅबला विचारा. उत्तर देताना चिडली तर लॅब बदला.

अमेरिकेतल्या दिरांचं म्हणणंही खोटं नाही. तिकडे ही सोय मोठी आहे. सरकारी आरोग्य विमा म्हणजे मेडिकेअर, त्यांनी २००२ पासून मेकॅनिकल, म्हणजे मेटलच्या, व्हॉल्व्हवाल्यांना घरच्या घरी तपासायचा खर्च द्यायला सुरुवात केली, २००८ मध्ये अनियमित ठोके आणि शिरेतल्या गुठळीवाल्यांनाही. पण त्याला अटी आहेत, आणि दिरांनी त्या तुम्हाला सांगितल्या नसाव्यात. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. औषध किमान तीन महिने चालू असायला हवं. मशीन हातात देण्याआधी माणसाला समोर बसवून शिकवतात आणि त्याने करून दाखवायचं असतं. तपासणी आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आकडा आला की माणूस तो फोनवर किंवा ॲपवर त्या सेवेला कळवतो, सेवा तो डॉक्टरांकडे पोचवते, हद्दीबाहेर असेल तर लगेच. गोळी किती, हे डॉक्टरांकडून परत येतं. मशीन म्हणजे त्या साखळीतली एक कडी.

तुमच्या घरी त्या रविवारी काय नव्हतं? आकडा तर होता, मोबाईलवर चकचकीत. तो वाचून "आज रात्री अमुक करा" म्हणणारं कुणी नव्हतं. दिरांनी सोन्याचं मशीन पाठवलं असतं तरी त्या रात्री नात्यातल्या त्याच माणसाने तेच सांगितलं असतं.

म्हणून बल्ब असो की मशीन, आधी ही कडी जोडा. पुढच्या वेळी मिरजेला जाल तेव्हा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: आकडा हद्दीबाहेर आला तर मी कुणाला, कोणत्या नंबरवर, किती वाजेपर्यंत कळवू, आणि रविवारी कुणाला? त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांचा किंवा वॉर्डातल्या सिस्टरचा नंबर मिळतो, मागितला की मिळतो. वरचा कुठला आकडा आणि खालचा कुठला आकडा म्हणजे "त्याच दिवशी फोन", तेही लिहून घ्या. लॅबलाही सांगून ठेवा की पाचच्या वर गेलं तर नुसता मेसेज टाकू नका, फोन करा. सेवा घेतो म्हणजे दोनशे रुपयांत एवढं मागायचा हक्क आहे आपला. तपासणी रविवारी ठेवूच नका. सोमवार ते गुरुवार, सकाळी. वॉरफरिन संध्याकाळी घ्यायला सांगतात ते उगाच नाही. सकाळी रक्त, दुपारी आकडा, आणि रात्रीच्या गोळीत लगेच बदल करता येतो.

आणि नोंद. वेगळी वही हरवते, मोबाईलमधला रिपोर्ट लग्नाच्या फोटोंखाली जातो. तुमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे ना? दुधाचा हिशेब, सिलेंडर कधी लावला, सगळं त्याच चौकटींत असतं. तिथेच त्या तारखेला आकडा आणि गोळीचे मिलिग्रॅम लिहा. "अर्धी गोळी" असं लिहू नका. १ मिलिग्रॅमची अर्धी आणि ५ ची अर्धी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाकीट संपून दुकानदाराने दुसऱ्या ताकदीचं दिलं आणि घरात अर्धीच चालू राहिली, असे दोन पेशंट मला आठवतात. आणि हो, आपल्याकडे पुष्कळांना वॉरफरिनऐवजी असेनोकुमेरॉल देतात. ते त्याच घराण्यातलं, पण शरीरातून लवकर निघून जातं. दुकानदार "सारखंच आहे हो" म्हणाला तरी एकाच्या जागी दुसरं घ्यायचं नाही.

गोळी विसरली आणि त्याच रात्री झोपायच्या आत आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दोन एकदम नको. चौकटीत फुली मारा.

आता मशीन. मला ते आवडतं, हे आधी कबूल करतो. बोटाला टोचून एक थेंब पट्टीवर, मिनिटभरात आकडा. आठवड्याला तपासणाऱ्यांचा आकडा हद्दीत थोडा जास्त वेळ राहतो. २०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात स्वतः तपासणाऱ्यांमध्ये गुठळीचे त्रास सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पण त्यात शिकायची तयारी असलेले, हात-डोळे शाबूत असलेले लोक निवडलेले होते. आत्तींच्या जागी तुम्ही ते शिकणार असाल तर विचार करा.

मशीन एकदाच घ्यायचं, पट्ट्या मात्र कायम. त्या इथे कुठे मिळतील, दर महिन्याला परवडतील का, हे आधी बघा. अमेरिकेहून वर्षातून एकदा कुणाच्या तरी बॅगेतून आलेल्या पट्ट्यांच्या तारखा उलटून जातात. पट्ट्या २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात. तुमच्याकडे पत्र्याखाली मे महिन्यात तीस अंश पहाटेसुद्धा राहत नसतील, म्हणजे फ्रिज आलाच. आणि फ्रिजमधून काढल्यावर जरा वेळ बाहेर ठेवून मगच वापरायची.

आत्तींचे हात मी पाहिले नाहीत, पण आयुष्यभर खुरपं धरलेली बोटं कशी असतात ते पाहिलंय. कातडं जाड, टोचलं तरी थेंब फुटत नाही. मग लोक बोट पिळतात. पिळू नका. जोरात पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी येतं आणि आकडा चुकतो. कोमट पाण्यात हात धुवायचा, अगदी कोरडा पुसायचा, हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हळू चोळत आणायचं, आणि टोकाला नाही तर कडेला टोचायचं. थेंब पंधरा सेकंदांच्या आत पट्टीवर जायला हवा. पहिला थेंब चुकला तर दुसरं बोट, त्याच भोकातून पुन्हा नाही.

पहिल्या दोन-तीन वेळेला त्याच सकाळी शिरेतलं रक्तही लॅबला पाठवा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. अर्ध्या पॉइंटचा फरक चालतो. एक-दीडचा पडला तर मशीन कपाटात. चारच्या वर मशीनने दाखवलं की शिरेतल्या रक्तावर खात्री करायची, कारण वरच्या बाजूला मशीनचा हात सैल असतो. आणि आत्तींच्या अंगात रक्त फारच कमी असेल तर मशीन फसतं, आपल्या बायकांत हे नेहमीचं. हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं?

नव्या गोळ्यांबद्दल नणंदेच्या मालकांना नम्रपणे सांगा: नाही. ठोके अनियमित असणाऱ्या कित्येकांना त्या चांगल्या, पण मेटलच्या व्हॉल्व्हला नाहीत. डाबिगाट्रान ही त्यातली एक गोळी मेकॅनिकल व्हॉल्व्हवाल्यांना देऊन पाहिली होती. गुठळ्याही जास्त झाल्या, रक्तस्रावही, आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यात घासाघीस नको.

उंदराचं औषध? खरं आहे, आणि आत्तींना लपवण्यापेक्षा सगळी गोष्ट सांगा. शेतकरी बाईला ती आवडेल. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेलं एक विशिष्ट गवत खाऊन गुरं साध्या जखमेनेही रक्त वाहून मरू लागली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन घेऊन, बर्फातून, थेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या चमूने काही वर्षांनी त्या गवतातला दोषी पदार्थ शोधला. त्याच्यापासून पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये उंदरांसाठी विकलं गेलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं. अध्यक्षांना चाललं ते आत्तींना चालेल. माणसाला दिलं तर ते मोजून देतात, उंदराचा आयएनआर कुणी तपासत नाही.

पालेभाजी सोडायची गरज नाही. उलट अजिबात न खाणाऱ्याचा आकडा जास्त हेलकावे खातो, कारण अंगात व्हिटॅमिन केचा साठाच नसतो, मग एक दिवस मेथीची जुडी खाल्ली की धाडकन खाली. आठवड्याला जेवढी खात होत्या तेवढीच, साधारण सारखी, खाऊ द्या. लक्ष ठेवायचं ते बदलांवर. जानेवारीत हरभऱ्याचा पाला येतो आणि घरोघरी घोळाणा होतो, भोगीची भाजी होते, रोज हिरवं पोटात जातं. श्रावणात, नवरात्रात उलटं, साबुदाणा आणि भगर. अशा पंधरवड्यात एक तपासणी मध्येच टाका. भाजीतली हळद कितीही चालते, सांगलीत राहून हळद सोडा म्हणायची माझी हिंमत नाही. पण हळदीच्या कॅप्सुला, कुणी दिलेला काढा, "रक्तशुद्धी"चं चूर्ण, यातलं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक घेणं बंद. गावात कमरेत ठोकायचं इंजेक्शन तर नकोच, स्नायूत रक्त साकळतं. दात काढायचा असेल तर गोळी आपणच बंद करून जायचं नाही, आधी आकडा, मग दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील. कोणतीही नवी गोळी सुरू झाली की तीन ते पाच दिवसांनी त्या मुलाला बोलवा. 

काळी, डांबरासारखी शौचाला झाली, लघवी लाल आली, उलटीत रक्त दिसलं, किंवा आत्ती पडल्या आणि डोक्याला मार लागला, भले खोक पडली नसेल, तर आकडा तपासत बसू नका. गाडी काढा आणि मिरज. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली तरी तेच. आणि एक गोष्ट मामांना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, सांगून ठेवा. रात्री सगळं शांत झालं की आत्तींच्या छातीतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येत असेल, नऊ वर्षांत त्यांना तिची सवय झाली असेल. ती टिकटिक एकाएकी दबली, घोगरी झाली, आणि आत्तींना धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

महिन्याभराच्या गोळ्या घरात जादा ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझी लॅब बंद, औषधांची दुकानं पाण्यात, आणि फोनवर पेशंट विचारत होते, "गोळी संपलीय, आता?" जतला पूर येत नाही खरा, पण तुमची गोळी सांगली-मिरजेतूनच येते.

पुढचा आकडा आला की मला कळवायची घाई करू नका. आधी तो नंबर लावा, कालनिर्णयावर लिहा, आत्तींना गोळी द्या. मला पोस्टकार्ड टाकलंत तरी चालेल.